काढायला विमा, बसवायला नाही

"रिटायर व्हायच्या आत माझ्या तोंडात बत्तीस दात नसले, तर बापाचं नाव लावणार नाय!"

बुधाजी साचेवाल्याने परळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या तोंडात दोन दात होते. एक वर, एक खाली. तेही समोरासमोर नव्हते! वरचा डावीकडे, खालचा उजवीकडे. जमिनीच्या वादात बोलणं टाकलेल्या सख्ख्या भावांसारखे ते आपापल्या कोपऱ्यात उभे असायचे आणि मधून घास सुखरूप पलीकडे जायचा.

घोषणा जोरदार होती, पण दात नसल्याने तिचा शेवटपर्यंत निभाव लागला नाही. खालच्या मजल्यावर नुसतं 'बत्ती' एवढंच पोचलं. कुणीतरी वर मान करून विचारलं, "काय रे बुधाजी, बत्ती गेली काय?"

बुधाजी चडफडत आत गेला.

या सगळ्याचं मूळ होतं शेजारच्या खोलीतला शामराव. दोघं एकाच बोटीने रत्नागिरीहून मुंबईला आले, एकाच गिरणीत लागले, एकाच खात्यात शेजारशेजारचे साचे चालवू लागले. नागपूरला दीक्षा घ्यायलाही दोघं एकाच डब्यातून गेले होते. फरक इतकाच की शामरावाची बायको मागेच वारली, आणि बुधाजीची बायको जाईबाई खाणावळ चालवायची. म्हणून शामराव दोन्ही वेळा जेवायला बुधाजीच्या घरी. त्याबद्दल बुधाजीची इतकी वर्षं काहीच तक्रार नव्हती. कारण शामरावाचेही दात हलत होते, आणि दोघं भिंतीला टेकून भाकरीचा काला खायचे. मऊ, गुपचूप, बरोबरीने.

मग गेल्या वर्षी शामरावाच्या साच्यावरचा धोटा उडाला. धोटा म्हणजे कापडात आडवा धागा घेऊन पळणारा लाकडी दांडा, टोकांना लोखंड. तो गोळीसारखा सुटला तो थेट शामरावाच्या थोबाडावर! होते नव्हते तेवढे दात गेले. बुधाजीनेच त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, आणि त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणीही काढलं. नव्याने निघालेल्या कामगार विम्याने शामरावाला औषध दिलं, पगारी रजा दिली आणि थोड्या दिवसांनी चक्क कवळी बसवून दिली.

बुधाजीने ते डोळ्यांतलं पाणी परत घेतलं!

काय ती कवळी! पांढरीशुभ्र, एकसारखी, कवायतीला उभ्या राहिलेल्या पोलिसांसारखी. पूर्वी शामराव वर्षाकाठी एकदा हसायचा. आता मयताला गेला तरी त्याचा ओठ मिटेना. आणि रविवारी मटण असलं, की बुधाजीच्या घरात रणकंदन व्हायचं. म्हणजे आवाज फक्त शामरावाचा. रणकंदन बुधाजीच्या पोटात.

"भावजी, नळी घ्या," जाईबाई म्हणायची.

"कशाला वैनी, पोट भरलं," म्हणत शामराव ताट पुढे करायचा.

कडाक!

तो कडाक बुधाजीच्या काळजात वाजायचा. त्याच्यापुढे भातात रस्सा कालवलेला असायचा, बाळाला भरवतात तसा.

"बघा की," जाईबाई कौतुकाने म्हणायची, "भावजी कसं खातात! रांधल्याचं सार्थक व्हतं."

पस्तीसेक वर्षांच्या संसारात बुधाजीच्या वाट्याला 'सार्थक' हा शब्द एकदाही आला नव्हता. एका रविवारी त्याने टोपातली नळीच लपवून टाकली आणि सांगितलं, "मांजरानं नेली."

"उकळत्या टोपातनं?" जाईबाईने विचारलं.



माणूस माणसाच्या पैशावर जळतो, पोरांवर जळतो. बुधाजी शामरावाच्या अपघातावर जळू लागला! त्याला वाटे, आपलाच साचा का इतका गुणी निघाला? आपण त्याला तेल घातलं, पुसला, जपला, आणि त्याने इतक्या वर्षांत साधा एक धोटा आपल्या अंगावर टाकू नये? मग तो पाळीभर साच्यापुढे वाकून, तोंड पुढे करून उभा राहू लागला. धोटा आपला सरळ जाई, सरळ येई. शेवटी जॉबरने, खात्याच्या मुकादमाने, मागून खांद्यावर थाप मारली.

"काय रे म्हाताऱ्या, साच्याचा मुका घेतोस काय?"

सगळं खातं हसलं. शामराव सर्वांत जास्त. त्याला हसायला साधन होतं!

त्याच दिवशी बुधाजीने गॅलरीत ती घोषणा केली. रिटायर व्हायला थोडेच महिने उरले होते. गिरणी सुटली की विमाही सुटणार होता. आता नाही तर कधीच नाही. मंगळवारी त्याने खाडा केला, धुतलेलं शर्ट घातलं आणि जाईबाईला काही न सांगता विम्याच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरपुढे जाऊन बसला.

डॉक्टर नॉर्मन म्हणजे माहीमचे ख्रिस्ती गृहस्थ, बोलायला मवाळ, मनगट लोखंडी. त्यांच्या हाताखाली पॉलीन नावाची नर्स होती. तिचा आवाज दवाखान्याच्या भिंतीत मावायचा नाही.

"काय करायचं बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"समदं करा," बुधाजी ऐटीत म्हणाला. "विम्यात बसतंय तेवढं समदं!"

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "दोनच आहेत. दोन्ही किडलेत. मुळाशी पू झालाय. काढावे लागतील."

बुधाजीने विचार केला. दोन दात असलेला माणूस हा कायद्याने दातवालाच. पण ज्याच्या तोंडात एकही दात नाही, त्याला सरकार नाही कसं म्हणेल?

"काढा!" तो म्हणाला.

पुढचा प्रसंग थोडक्यात सांगायचा तर सुई टोचूनही बुधाजीने एक लाथ झाडली आणि ती पॉलीनला लागली. "अरे देवा! दात काढतोय बाबा तुझा, पाय नाय!" ती ओरडली. वरचा दात मुकाट्याने आला. खालचा मात्र जाताना जागा सोडायला तयार नव्हता. तो निघाला तेव्हा डॉक्टरांचं कपाळ घामेजलं होतं आणि बुधाजीचं धुतलेलं शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लाल झालं होतं.

बुधाजीने चूळ भरली, सावरून बसला आणि हिरड्यांनीच म्हणाला, "आता बसवा."

"काय?"

"कवळी. शामरावाला बसवली तशी."

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले. "बाबा, त्यांचे दात कामावर असताना अपघातात गेले. ती दुखापत. तुमचे वयाने गेले. वयाला विमा नाही. दात दुखला तर औषध आहे, किडला तर काढून देतो. काढायला विमा आहे, बसवायला नाही."

बुधाजीचं डोकं फिरलं. पण ऐन वेळी त्याला युक्ती सुचली. "मंग माजे पन कामावरच गेले!"

"कुठले?"

"हेच. दोन!"

"अरे बाबा," पॉलीनने पुढ्यातली थाळी उचलून दाखवली, "हे तर आत्ता आम्हीच काढले ना!"

डॉक्टरांनी दोन्हीकडे कापसाचे बोळे कोंबले आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलायचंही नाही."

बुधाजी बाहेर पडला. गेला होता बत्तीस आणायला, होते ते दोनही देऊन आला! गाल सुजलेले, शर्ट रक्ताने माखलेलं, डोळ्यांत पाणी. दातांपायी नव्हे, शामरावाच्या हसण्यापायी. आता तो संध्याकाळी काय काय म्हणेल, हे बुधाजीला ऐकू येऊ लागलं होतं.

नेमकी त्या सकाळी लालबागला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर लाठी चालली होती, आणि बुधाजीला त्याचा पत्ता नव्हता!

चाळीच्या दारात माणसांचा घोळका बातम्या सांगत उभा होता. पुढे सीताराम, समितीचा चाळीतला कार्यकर्ता. त्याला समोरून रक्ताने माखलेला बुधाजी येताना दिसला.

"बुधाजी! लाठी लागली?"

बुधाजीने जोरजोरात मान हलवली. नाही म्हणून. पण सुजलेल्या गालांची मान कशीही हलली तरी वेदनाच दिसते.

"तोंडावर मारलं?"

"ऊं! ऊं!" बुधाजी दवाखान्याच्या दिशेला बोट दाखवू लागला. दुर्दैवाने लालबागही त्याच दिशेला होतं.

"दात पाडले रे! म्हाताऱ्याचे दात पाडले!" सीताराम किंचाळला, आणि क्षणात बुधाजी चार माणसांच्या खांद्यावर होता. जिन्यावरून जाताना त्याचं डोकं दोनदा छताला आपटलं. तेही लोकांनी लाठीच्याच खात्यावर मांडलं.

जाईबाई परातीतलं पीठ टाकून धावली. तिने त्याला पाहिलं आणि हंबरडा फोडला. "अवो, कशाला गेलात ओ मोर्च्यात! मला सांगायचं तरी!" तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कढत पाण्याने तोंड पुसलं. पुसता पुसता ती त्याच्याकडे अशी काही बघत होती, की बुधाजीने बोळा काढायला वर नेलेला हात खाली आणला.

एवढ्यात शामराव आला. त्याच्या जेवणाची वेळ झाली होती, पण जाईबाईचं लक्ष नव्हतं. "भावजी," ती मान न वळवता म्हणाली, "आज तुमचं तुमी वाढून घ्या."

आहाहा! बुधाजीने डोळे मिटून घेतले. संध्याकाळी बोळे निघाले. जीभ मोकळी झाली. खरं सांगायचं ते बुधाजीच्या ओठापर्यंत आलंही. पण तेवढ्यात जाईबाईने स्वतःच्या हाताने पेजेचा चमचा त्याच ओठाला लावला, आणि खरं पेजेबरोबर पोटात गेलं.

मग काय विचारता! चाळीत बुधाजीचा भाव वधारला. नळावर बायका जाईबाईला पहिला नंबर देऊ लागल्या. माणसं येऊन त्याचं बोळकं पाहून जाऊ लागली. "किती होते हो पोलीस?" असं कुणी विचारलं की बुधाजी हताश हात हलवायचा. खोटं तो बोलला नाही. फक्त खरं बोलला नाही. शामरावाचा धोटा तर कुणाच्या आठवणीतही उरला नाही. धोटा कुणालाही लागतो. लाठी ही महाराष्ट्रासाठी लागते! शामराव आता ताटावर गप्प बसून जेवायचा, आणि त्याचं ते गप्प बसणं बुधाजीला नळीपेक्षा गोड लागायचं.

पण शामराव गप्प होता तो जळून नव्हे. त्याच्या मनात काहीतरी शिजत होतं.

सीतारामने चाळीच्या पटांगणात सत्काराची सभा ठेवली. कर्णा लागला, टेबल आलं, टेबलावर कुणाच्या तरी घरची चादर आली. बुधाजी हार घालून खुर्चीवर बसला. पुढे बायकांत जाईबाई नवं लुगडं नेसून. आणि सीताराम कर्ण्यात ओरडला, "आपल्या बुधाजींचे जुने मित्र शामराव यांनी स्वतः जाऊन आजचे प्रमुख पाहुणे आणले आहेत. दातांचे सुप्रसिद्ध डॉक्टर, नॉर्मनसाहेब!"

बुधाजीच्या गळ्यातला हार त्याला फासासारखा वाटला.

शामराव भरल्या आवाजात बोलू लागला. "माजा मित्र पेज खातो आनि मी नळी फोडतो, हे मला बघवत नाय. मी सायबांकडं गेलो. म्हटलं, याला लाठी लागली, याला कवळी द्या. साहेब म्हनले, विम्यात बसत नाय. पन ज्यानं मुंबईसाटी मार खाल्ला त्याला मी माज्या माहीमच्या दवाखान्यात फुकट बसवून देईन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुधाजी खुर्चीत लहान लहान होत चालला होता. याला आपण महिनोन्महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि हा आपल्यासाठी माहीमपर्यंत चालत गेला!

डॉक्टर उठले, बुधाजीजवळ आले, वाकले. त्यांनी चेहरा ओळखला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच कानात म्हणाले, "बाबा, आता मी काय बोलू?"

सज्जन माणूस! प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पहिल्या रांगेत त्यांच्याबरोबर आलेली पॉलीन बसली होती.

"ओ डॉक्टर!" ती उभी राहिली. तिला कर्णा लागत नव्हता. "हा तर आपला मंगळवारचा बाबा! मला लाथ मारली ना ह्यानं! ह्याचे दात तर आपण काढले!"



"कुणी काढले?" सीतारामने विचारलं.

"आम्ही!" पॉलीन अभिमानाने म्हणाली. "विम्याच्या दवाखान्यात!"

सीतारामच्या डोक्यात प्रकाश पडला, पण भलत्याच खिडकीतून. "म्हणजे लाठी नुसतं निमित्त! मोर्चेवाल्याला पकडून दवाखान्यात नेला आणि सरकारनं त्याचे दात उपटले! आणि हे उपटणारे आपल्यातच येऊन बसलेत!"

"धरा रे त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दात आमच्या हक्काचे!"

"नाहीत कुणाच्या बापाचे!"

माणसं उठली. टेबल हललं. चादर गेली. डॉक्टर नॉर्मन मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. पॉलीन पर्स उगारून त्यांच्यापुढे उभी राहिली. शामराव दोन्ही हात पसरून "अरे, पाव्हणे हायत! पाव्हणे हायत!" म्हणत गर्दी अडवू लागला आणि त्या रेटारेटीत खाली बसला.

बुधाजीने जाईबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, अजून त्याच नजरेने. ती नजर त्याला आयुष्यभर ठेवून घ्यायची होती. त्याने एकदा डोळे मिटले, हार काढला आणि कर्णा ओढून घेतला.

"थांबा!" तो ओरडला. "लाठी नाय! मी मोर्च्यात नव्हतो! मला कुनी धरला नाय! मीच गेलो, मीच तोंड उघडलं, मीच म्हनलो काढा!"

"पण का?" सीतारामने हताश होऊन विचारलं.

"शामरावासारखी कवळी पायजे व्हती!" बुधाजी म्हणाला. "तो नळी फोडतो. आनि माजी बायको त्याचं कौतुक करते."

कर्णा चांगला होता. हे वाक्य पोयबावडीपर्यंत ऐकू गेलं असणार.

 पहिली पॉलीन हसली. मग सगळं पटांगण. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. डॉक्टर भिंतीला टेकूनच हसले. सीताराम तेवढा हसला नाही. तो टेबलाखाली चादर शोधत होता. आणि जाईबाई उठली, लुगड्याचा पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि जिना चढून गेली.

त्यानंतर बुधाजीला जेवण मिळालं, पण बोलणं मिळालं नाही. जाईबाई ताट ठेवायची आणि पाठ फिरवायची. शामरावाने दुसरी खाणावळ धरली. सभेत वहिनीचं नाव आपल्या नावाबरोबर घेतलं गेलं, आता कुठल्या तोंडाने जाणार, असं तो म्हणायचा. ज्या रविवारांची बुधाजी वाट बघायचा ते आले. शामराव नाही, कडाक नाही, कौतुक नाही. आणि टोपात नळीही नाही. जाईबाईने मटण आणणंच बंद केलं होतं. बुधाजीला ते घर गिरणी बंद पडल्यासारखं वाटू लागलं.

शेवटी त्यानेच विचारलं, "मटान का नाय आनत?"

"कुनासाटी आनू?" जाईबाई चुलीकडे बघत म्हणाली. "तुमी चावत न्हाय. जे चावत व्हते त्यांना तुमी घालवलं."

"म्हंजे तुला शामरावच—"

"गप बसा!" ती गर्रकन वळली. "अवो, मी दिसभर रांधते. बाकीची मानसं घड्याळाकडं बघत गिळतात आनि पाळीला पळतात. येक मानूस चवीनं खातो, ताट पुसून ठेवतो. रांधनाऱ्या बाईला आनि काय लागतं? तुमचे दात गेल्यापासनं तुमाला काय आवडतं तेच मला कळंनासं झालंय. समद्याला मान हलवता. मीठ इसरले तरी मान हलवता!"

बुधाजीला हे सुचलंच नव्हतं. इतके महिने तो शामरावाच्या ताटाकडे बघत होता. आपल्या ताटाकडे कुणी बघतंय हे त्याने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शामरावाच्या दारात जाऊन उभा राहिला. 

"जेवायला चल," बुधाजी म्हणाला.

"वैनी काय म्हनतील?"

"तीच म्हनली. मी पन म्हनतोय."

"तू जळशील परत."

"जळेन," बुधाजीने कबूल केलं. "पन तू चल."

रविवारी तिघं मिळून माहीमला गेली. डॉक्टर नॉर्मन आधी दचकले, मग हसले. फुकट बसवतो म्हणाले होते ते लाठीच्या दातांना. पण जाईबाईने त्यांच्यापुढे खाणावळीच्या कमाईचं गाठोडं ठेवलं, तेव्हा त्यांनी फक्त सामानापुरतं घेतलं आणि बाकीचं परत दिलं. पॉलीनने माप घेताना बुधाजीचे पाय खुर्चीला बांधून टाकले.

आणि एक दिवस बुधाजीच्या तोंडात कवळी आली! बत्तीस होते की अठ्ठावीस, कुणी मोजलं नाही. तो चाळीत शिरला तो हसतच. गॅलरीतून हसला, जिन्यातून हसला. घरात जाईबाईने मटण केलं होतं, वाटण पाट्यावरचं. दोन ताटं शेजारशेजार मांडली होती. तिने सगळ्यांत मोठी नळी उचलली आणि बुधाजीच्या ताटात वाढली. शामरावाच्या आधी!

"खावा," ती म्हणाली आणि समोर बसून राहिली.

बुधाजीने घास घेतला, चावला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले! वरची कवळी खाली आली, खालची वर गेली, मटण मध्येच राहिलं. हिरडीत जणू सुया टोचल्या. घास आत जाईना, बाहेर काढता येईना. जाईबाई टक लावून बघत होती.

"कसं झालंय?"

शामराव ताटात मान घालून बसला होता. ओठ न हलवता तो पुटपुटला, "चावू नको. गीळ."

बुधाजीने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"आरं, गीळ," शामराव आणखी हळू म्हणाला. "वर्ष झालं, मी गिळतोच हाय. नळी तेवढी हातानं मोडायची आनि तोंड हलवायचं."

बुधाजीने घास गिळला. तो छातीपर्यंत अडकत अडकत गेला. मग त्याने डोळ्यांतलं पाणी शर्टाच्या बाहीला पुसलं, सगळे दात दाखवून जाईबाईकडे पाहिलं आणि म्हणाला,

"मीठ जरा कमी हाय."

जाईबाईचा चेहरा असा उजळला, की तिने टोपच ओढून घेतला आणि दोघांच्या ताटांत मटणाची एकेक मोठी पळी आणखी वाढली.